लोलेकच्या गावची माती

आमच्या चौथीच्या वर्गात भिंतीवर जगाचा एक भलामोठा नकाशा टांगलेला आहे. त्याचे कोपरे फाटलेत, आफ्रिकेवर शाईचा एक डाग पडलाय; पण मुलांचा तो लाडका. मधल्या सुट्टीत 'देश शोध' हा खेळ रोजचाच. एकानं नाव सांगायचं, दुसऱ्यानं बोट ठेवायचं.

गेल्या उन्हाळी सुट्टीच्या आधी मी वर्गात सांगितलं, "मुलांनो, बाई या सुट्टीत पोलंडला जाणार आहेत." झालं! पंधरा-वीस बोटं एकदम नकाशावर पडली. कुणी पोर्तुगालवर, कुणी फिनलंडवर. शेवटी एकीला तो सापडला. जर्मनीच्या उजव्या हाताला.

माझा धाकटा भाऊ पोलंडमधल्या क्राकूफ शहरात नोकरी करतो. "ताई, एकदा ये ना," असं तो तीन वर्षं म्हणत होता. मी खेडेगावातली प्राथमिक शिक्षिका. विमानाचं तिकीट काढताना छातीत धडधडलं, हे तुम्हांला खरं सांगते.

मग वर्गात मागण्यांची यादी सुरू झाली. बाई, चॉकलेट आणा. बाई, तिकडची नाणी आणा. बाई, पोस्टाची तिकिटं आणा. सगळी मुलं आपापलं सांगून गेली आणि शेवटच्या बाकावरचा एकजण तेवढा उभा राहिला. त्याचं नाव मी इथं देत नाही, कारण तो हे साप्ताहिक वाचतो! त्याची आई दिवाळीनंतर वारली. तेव्हापासून तो वर्गात मान हलवण्यापलीकडं फारसं बोलत नसे. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करी. त्या दिवशी तो टेबलाजवळ आला आणि हळूच म्हणाला,

"बाई, तिकडची माती कसल्या रंगाची असते?"

मला उत्तर ठाऊक नव्हतं. "बघून येते आणि सांगते," एवढंच मी म्हटलं.

आजोबांची आठवण

पोलंड म्हटलं की मला आधी माझे आजोबा आठवतात. आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातले. कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथं १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या निर्वासितांची मोठी छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या फौजांनी त्यांना घराबाहेर काढून सैबेरियाकडं नेलं होतं. तिथून सुटका झाल्यावर इराणमार्गे भटकत भटकत ती भारतात आली. वळिवड्याला त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकंसुद्धा होत.

आजोबा तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे. डोक्यावर पाटी घेऊन ते छावणीत केळी विकायला जात. ते सांगायचे, "पोरं गोरीपान, पण डोळ्यांत घर हरवल्याचं दिसायचं बघ." युद्ध संपल्यावर ती माणसं जगभर पांगली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. कोल्हापूरला गेलात तर आईबाबांना सांगून जरूर बघा. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरचं नाव असलेलं स्मारकही आहे. हो, आपल्या कोल्हापूरचं!

तर, वळिवड्याची ती मुलं जेव्हा आजोबांकडून केळी घेत होती, त्याच वेळी तिकडं पोलंडमध्ये एक तरुण एका कारखान्यात बादल्या उचलत होता. पुढं तो साऱ्या जगाला माहीत झाला. ही गोष्ट त्याचीच आहे.

पांढरा समुद्र

क्राकूफला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी भाऊ मला ट्रामनं शहराच्या दक्षिणेला घेऊन गेला. उतरल्यावर तो म्हणाला, "ताई, या जागेला इकडं 'पांढरे समुद्र' म्हणतात."

मी चहूकडं बघितलं. समुद्र तर सोडाच, साधं तळंही दिसेना! मग कळलं. पूर्वी इथं सोल्वे नावाचा सोडा बनवणारा मोठा कारखाना होता. सोडा तयार करताना उरलेला चुन्यासारखा पांढरा गाळ वर्षानुवर्षं इथं टाकला जाई. त्या पांढऱ्याशुभ्र पसाऱ्यावरून लोकांनी हे नाव पाडलं. कारखाना बंद झाला आणि त्या गाळाच्या जागेवर आता एक मोठं तीर्थस्थान उभं आहे. संत जॉन पॉल दुसरे यांचं.

मुलांनो, ख्रिस्ती धर्मातल्या कॅथलिक पंथाच्या सर्वोच्च धर्मगुरूला 'पोप' म्हणतात. ते रोम शहरातल्या व्हॅटिकनमध्ये राहतात. जॉन पॉल दुसरे हे १९७८ ते २००५ अशी सव्वीस वर्षांहून जास्त काळ पोप होते. त्यांच्या आधी तब्बल ४५५ वर्षं सगळे पोप इटलीचेच झाले होते. पोलंडचे तर हे पहिलेच.

पण त्याआधी ते होते कारोल वोय्तिवा. १९३९ मध्ये हिटलरच्या जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला. कारोल तेव्हा क्राकूफच्या विद्यापीठात पोलिश भाषा आणि साहित्य शिकत होता. जर्मनांनी विद्यापीठ बंद केलं, प्राध्यापकांना पकडून छळछावणीत धाडलं. ज्याच्याकडं कामाचा दाखला नाही, अशा तरुणाला पकडून जर्मनीला मजुरीसाठी पाठवत. म्हणून कारोल आधी दगडाच्या खाणीत आणि मग या सोडा कारखान्यात कामाला लागला. खांद्यावर कावड घ्यायची, दोन्ही बाजूंना बादल्या लावायच्या आणि चुन्याचं पाणी वाहून न्यायचं. पायांत लाकडी बूट. रात्रपाळीत जरा उसंत मिळाली, की हा गडी पुस्तक उघडून बसे!

आपल्याकडं चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी जातात, तुम्ही पाहिल्या असतील. चुन्याच्या बादल्यांची ही कावड ऐकून माझ्या डोळ्यांसमोर तीच आली.

याच काळात त्यानं धर्मगुरू व्हायचं ठरवलं. पण ते शिक्षणही जर्मनांनी बंद पाडलेलं. मग क्राकूफच्या आर्चबिशपांनी चोरून चालवलेल्या शाळेत तो शिकू लागला. पकडला गेला असता तर जीवच गेला असता. विचार करा, आपण शाळेत जायला कुरकुरतो आणि एखाद्यावर शिकण्यासाठी लपायची वेळ येते!

काचेमागचा झगा

तीर्थस्थानाची इमारत विटांची, मोठी आणि शांत. तळाला एक प्रार्थनागृह, वरती दुसरं. बाहेर शाळेच्या सहलीच्या बसगाड्या उभ्या होत्या. पोलंडची चिमुरडी रांगेत, एकमेकांचा हात धरून. त्यांच्या बाई तोंडावर बोट ठेवून "श्श!" करत होत्या. माझी मलाच गंमत वाटली. बाई कुठल्याही देशाची असो, सहलीतलं काम तेच!

वरच्या प्रार्थनागृहात एका बाजूला काचेमागं एक पांढरा झगा ठेवलाय. पोप नेहमी पांढरा झगा घालतात. पण या झग्यावर तपकिरी डाग आहेत. रक्ताचे.

१३ मे १९८१. रोममधल्या सेंट पीटर चौकात हजारो लोक जमले होते. पोप उघड्या गाडीतून लोकांना भेटत चालले होते. लहान मुलांना उचलून घेत होते. एवढ्यात गर्दीतून गोळ्या सुटल्या. मेहमेत अली आज्जा नावाच्या तुर्की तरुणानं त्या झाडल्या होत्या. पोप कोसळले. पाच तासांहून अधिक वेळ शस्त्रक्रिया चालली आणि ते वाचले.

चारच दिवसांनी दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी लोकांना निरोप पाठवला. माझ्यावर गोळी झाडणाऱ्या त्या भावाला मी मनापासून क्षमा केली आहे, असा तो निरोप होता. 'भाऊ' हा शब्द त्यांनी वापरला. आणि २७ डिसेंबर १९८३ रोजी ते स्वतः रोमच्या तुरुंगात गेले. आज्जाच्या कोठडीत, त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसले आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलले. पुढं २००० साली इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याची शिक्षा माफ केली.

मी त्या काचेसमोर बराच वेळ उभी राहिले. वर्गात रोज तक्रारी येतात. "बाई, यानं माझी पेन्सिल मोडली." "बाई, यानं मला मुद्दाम पाडलं." मी सवयीनं म्हणते, "जा, त्याला माफ कर, हात मिळवा." दोघं हात मिळवतात आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा भांडतात! क्षमा म्हणजे तोंडानं उच्चारायचा एक शब्द, असंच आपण मुलांना शिकवतो की काय, असं मला तिथं वाटून गेलं. या माणसानं क्षमा केली आणि मग उठून भेटायलाही गेला. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड.

दुसऱ्या एका दालनात एक लांबरुंद दगडी शिळा आहे. २ एप्रिल २००५ रोजी ते वारल्यावर व्हॅटिकनमध्ये त्यांच्या थडग्यावर हीच शिळा होती. २०११ मध्ये ते थडगं दुसरीकडं हलवलं, तेव्हा शिळा इकडं आणली. २७ एप्रिल २०१४ रोजी त्यांना संत म्हणून घोषित केलं गेलं.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. संत झाले म्हणून त्यांच्या कारभारावर कुणी टीका केली नाही, असं नाही. काही धर्मगुरूंनी मुलांना त्रास दिल्याच्या तक्रारी त्यांच्या काळात पुरेशा गंभीरपणे घेतल्या गेल्या नाहीत, असं म्हणणारे लोक पोलंडमध्येही आहेत. मोठ्या माणसांबद्दल प्रश्न विचारले म्हणजे त्यांचा अपमान होतो, असं मानायचं कारण नाही. आणि मुलांनो, मोठं माणूस कुणीही असो, त्यानं त्रास दिला तर घरी लगेच सांगायचं. हे मी वर्गात नेहमी सांगते, इथंही सांगते.

दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर

रात्री भाऊ म्हणाला, "ताई, त्यांचं गाव इथून जवळच आहे. जाऊ या का?"

क्राकूफपासून वादोवित्से साधारण पन्नास किलोमीटर. आम्ही बसनं निघालो. दोन्ही बाजूंना हिरवी शेतं, उतरत्या छपरांची घरं आणि दूरवर डोंगरांची निळसर रेघ. कोल्हापूरहून राधानगरीकडं निघाल्यासारखं वाटत होतं. फक्त ऊस नव्हता!

वादोवित्से छोटंसं गाव. मधोमध चौक, चौकात चर्च आणि चर्चच्या कडेच्या गल्लीत ते घर. १८ मे १९२० रोजी कारोल इथं जन्मला. घरात सगळे त्याला 'लोलेक' म्हणत. आपल्याकडं बाळ्या किंवा पिंट्या म्हणतात ना, तसंच. या घरात १९८४ मध्ये संग्रहालय झालं आणि २०१४ मध्ये मोठी दुरुस्ती करून ते पुन्हा उघडलं. आत गटागटानं सोडतात. सोबत माहिती सांगणाऱ्या एक बाई असतात.

वोय्तिवांचं घर म्हणजे पहिल्या मजल्यावर भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, बस्स! वडील सैन्यात होते. घरमालक ज्यू. लोलेकचा एक जिवलग मित्रही ज्यू होता, येझी क्लुगर. फुटबॉल खेळताना मुलं कधी कधी कॅथलिक विरुद्ध ज्यू असे संघ करत. ज्यूंच्या संघाला गोलरक्षक कमी पडला, की लोलेक खुशाल त्यांच्याकडून उभा राही. पुढं युद्धात त्या गावच्या ज्यूंचा जवळजवळ सगळा समाज नाझींनी संपवला. तो मित्र मात्र वाचला आणि दोघांची मैत्री म्हातारपणापर्यंत टिकली. १९८६ मध्ये रोममधल्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळात जाणारे हे पहिले पोप. गोलरक्षक म्हणून पलीकडच्या बाजूला उभं राहायची सवय लहानपणीच लागली होती, असं म्हणू या!

स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर चर्चची भिंत दिसते. भिंतीवर एक सूर्यघड्याळ आहे आणि त्यावर पोलिश भाषेत चार शब्द. अर्थ असा : काळ पळतो आहे, अनंत वाट पाहतं आहे. लोलेक जेवताना, अभ्यास करताना रोज ते शब्द बघत असणार.

आमच्या गटातल्या माहिती सांगणाऱ्या बाई इंग्रजीत बोलत होत्या. त्या म्हणाल्या, "लोलेक आठ वर्षांचा होता. तिसरीत. शाळेतून घरी आला तेव्हा कळलं, आई गेली."

माझ्या पायांतलं बळच गेलं.

मला शेवटच्या बाकावरचा तो मुलगा दिसायला लागला. हजेरीला नुसता हात वर करणारा.

बाई पुढं सांगत होत्या. आईनंतर तीन वर्षांनी मोठा भाऊ एडमंड गेला. तो डॉक्टर होता. लाल पुरळाच्या तापाची साथ होती, रुग्णाची सेवा करताना त्यालाच तो ताप आला. वय अवघं सव्वीस. मग या घरात वडील आणि मुलगा असे दोघंच राहिले. वडील नोकरीतून निवृत्त झालेले. लोलेकचा नाश्ता करणं, कपडे धुणं, फाटलं-तुटलं शिवणं सगळं तेच करत. संध्याकाळी दोघं मिळून फिरायला जात. दिवाणखान्यात चिंध्यांचा चेंडू करून बापलेक फुटबॉल खेळत, असंही सांगतात. आणि १९४१ च्या फेब्रुवारीत, युद्ध ऐन भरात असताना, कारोल कामावरून वडिलांसाठी जेवण घेऊन घरी आला, तो वडीलही गेलेले. विसाव्या वर्षी त्याचं घरातलं कुणीही उरलं नाही.

मी त्या छोट्याशा खोलीत उभी होते. मनात आलं, घरातलं एकेक माणूस गेलेला हा मुलगा, यानं पुढं सगळ्या जगालाच घर मानलं की काय! खरं खोटं कुणाला माहीत. पण त्यांचा प्रवास पाहिला तर तसं वाटतं खरं.

पृथ्वीला किती फेऱ्या?

आता जरा गणित करू. पोप झाल्यावर त्यांनी इटलीबाहेर १०४ दौरे केले. १२९ देशांना भेट दिली. या सगळ्या प्रवासाचं अंतर अकरा लाख किलोमीटरांहून अधिक भरतं. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर सुमारे ४० हजार किलोमीटर. मग सांगा, पृथ्वीला किती फेऱ्या झाल्या? करा भागाकार! उत्तर सत्तावीसच्या वर आलं की तुमचं बरोबर.

एखाद्या देशात ते पहिल्यांदा उतरले, की विमानाच्या जिन्यावरून खाली येत आणि गुडघे टेकून त्या जमिनीचं चुंबन घेत. आपल्याकडं पैलवान आखाड्यात उतरताना माती कपाळाला लावतो. शेतकरी पेरणीआधी रानाच्या पाया पडतो. तसंच काहीसं. पुढं वय झालं, गुडघे वाकेनात. मग मुलं एका भांड्यात त्या देशाची माती घेऊन पुढं येत आणि ते भांड्यातल्या मातीचं चुंबन घेत.

आपल्याकडं ते दोनदा आले. १९८६ च्या फेब्रुवारीत आले तेव्हा दिल्लीत राजघाटावर जाऊन त्यांनी गांधीजींच्या समाधीला वंदन केलं. कलकत्त्याला मदर तेरेसांच्या निर्मल हृदयमध्ये जाऊन मरणासन्न रुग्णांना आपल्या हातानं भरवलं. रांची, शिलाँग, मद्रास, गोवा, केरळ इथं ते गेले आणि आपल्या महाराष्ट्रात मुंबई, वसई, पुणे इथंही. मुंबईत शिवाजी पार्कवर त्यांच्या प्रार्थनासभेला मोठी गर्दी लोटली होती. तुमच्यापैकी कुणाचे आजीआजोबा वसईचे किंवा गोव्याचे असतील, तर विचारून बघा. त्यांतल्या कुणीतरी त्यांना डोळ्यांनी पाहिलं असेल. दुसऱ्यांदा ते १९९९ च्या नोव्हेंबरात दिल्लीला आले. ७ नोव्हेंबरला ऐन दिवाळी होती आणि त्याच दिवशी विज्ञान भवनात ते निरनिराळ्या धर्मांच्या प्रतिनिधींना भेटले.

वादोवित्सेच्या संग्रहालयात त्यांच्या प्रवासाचा एक वेगळा भाग आहे. तिथं काय ठेवलंय, ओळखा पाहू? सोनंनाणं नाही, मोठ्या लोकांच्या भेटवस्तू नाहीत. त्यांनी भेट दिलेल्या देशांची माती! काचेखाली मांडून ठेवलेली.

मी थबकलेच. "बाई, तिकडची माती कसल्या रंगाची असते?" हा प्रश्न माझ्या कानात जसाच्या तसा वाजला. काळी, तांबडी, पिवळसर, राखाडी. मी खाली वाकून भारताची माती शोधायला लागले. भाऊ दुसऱ्या बाजूनं शोधत होता. तेवढ्यात मागचा गट येऊन ठेपला आणि आमच्या बाई म्हणाल्या, "चला, पुढं चला." वेळ संपली. भारताची माती मला सापडली नाही. अजून रुखरुख लागून आहे.

बाहेर आल्यावर भावानं मला चौकातल्या दुकानात नेलं. वादोवित्सेला गेलं आणि 'क्रेमूफ्का' खाल्ला नाही, असं होत नाही म्हणे. खुसखुशीत पापुद्र्यांच्या दोन थरांमध्ये जाड पिवळसर साय भरल्यासारखा हा केक. १९९९ मध्ये पोप गावी आले, तेव्हा भाषण करता करता त्यांना आठवलं, शाळेची शेवटची परीक्षा झाल्यावर आम्ही मुलं इथं क्रेमूफ्का खायला जायचो! ऐकणाऱ्या लोकांत एकच हशा पिकला. तेव्हापासून गावातल्या दुकानांत या केकचा नुसता सुकाळ आहे. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला परीक्षेनंतरचा खाऊ आठवावा, ही गोष्ट मला फार आवडली.

परतीच्या बसची वाट बघताना थांब्यामागं नुकतंच नांगरलेलं एक छोटं शेत दिसलं. मी चिमूटभर माती हातात घेतली. तपकिरी, ओलसर, हातात दाबली की लगेच मऊ गोळा होणारी. वास मात्र आपल्या पहिल्या पावसासारखाच. आपल्या देशात बाहेरची माती परवानगीशिवाय आणता येत नाही. तिच्यातून पिकांचे रोग येऊ शकतात. म्हणून ती परत शेतात ठेवली आणि रंग तेवढा नीट लक्षात ठेवला.

आमचं मातीचं कपाट

जूनमध्ये शाळा सुरू झाली. चॉकलेटं वाटून झाली, नाणी हातोहात फिरली. मग मी लोलेकची गोष्ट सांगितली. कावड, झगा, तुरुंगातली भेट, चिंध्यांचा चेंडू. आई गेल्याचं सांगू की नको, असं मनात येत होतं. शेवटी सांगितलं. जसं घडलं तसं, आवाज न चढवता. मागच्या बाकाकडं मुद्दाम बघितलं नाही.

तास संपताना म्हटलं, "तिकडची माती तपकिरी होती बरं का. शेणखत घातलेल्या वाफ्यासारखी."

मागच्या बाकावरून मान हलली.

मग आम्ही ठरवलं, आपणही एक मातीचं कपाट करायचं. प्रत्येकानं आपल्या आजोळची चिमूटभर माती आणायची, औषधाच्या रिकाम्या, धुतलेल्या बाटलीत भरायची आणि वर गावाचं नाव चिकटवायचं. शिरोळची काळीभोर आली. गडहिंग्लजची आली, राधानगरीची आली. कर्नाटकातल्या निपाणीचीसुद्धा आली. पावसाळ्यात फळीवर तेवीस बाटल्या उभ्या राहिल्या. एकच जागा रिकामी होती. मी काही विचारलं नाही. आई गेल्यावर त्याचं आजोळी जाणं थांबलं होतं, हे मला ठाऊक होतं.

गणपतीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्या सकाळी तो लवकर आला. बाटली त्यानं दप्तरात नव्हे, खिशात आणली होती. लालभडक माती. चंदगडची. त्याच्या वडिलांनी सुट्टीत त्याला मुद्दाम आजीकडं नेलं होतं.

हजेरी झाली. त्याचं नाव आलं तेव्हा नेहमीप्रमाणं हात वर झाला. पण मग तो उठून उभा राहिला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाला, "ही माझ्या आईच्या गावची. परड्यातली. आजीनं काढून दिली."

एवढं बोलून त्यानं बाटली फळीवर ठेवली आणि जागेवर जाऊन बसला. मुलं गप्प होती. मग एकानं विचारलं, "एवढी लाल कशी रं?" आणि तो सांगायला लागला.

मुलांनो, तुमच्याही वर्गात असं कपाट करून बघा. पैसे पडत नाहीत. आणि बाटली आणायला एखाद्याला उशीर झाला, तर त्याची जागा तेवढी रिकामी ठेवा.